न फवारलेल्या दोन ओळी

पद्मा शेंडे यांना सांगली शहरात ओळखणारी माणसे फार नाहीत; जी आहेत ती त्यांना ‘बुरशीच्या बाई’ म्हणतात. विद्यार्थ्यांनी हे नाव ठेवले तेव्हा त्यात खोडसाळपणा होता. पुढे तो विरून गेला आणि नाव तेवढे राहिले. एका महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवण्यात त्यांचे आयुष्य गेले. लग्नाचा विषय घरात दोनचारदा निघाला आणि कुणी फारसा न ताणल्यामुळे आपोआप मिटला. विश्रामबागेत त्या एकट्या राहत, आणि सुटी लागली की एसटीने वाईला, वडिलांकडे जात.

वडील मधुकरशास्त्री कृष्णेच्या घाटामागच्या आळीत वैद्यकी करीत. मुलीला अक्षरओळख होण्याआधी त्यांनी वनस्पतींची नावे शिकवली. त्यांत त्यांचा विशेष लोभ गुळवेलीवर होता. गुडूची, अमृता, वत्सादनी, छिन्नरुहा अशी तिची नावे ते नामस्मरणासारखी उच्चारीत आणि शेवटच्या नावापाशी थांबत. छिन्नरुहा, म्हणजे छेदली तरी पुन्हा रुजणारी. हिची कांडी तोडून नुसती झाडावर टांगून ठेवा, ती हवेतून मुळे सोडते आणि मातीचा शोध घेत खाली उतरते, हे त्यांनी मुलीला परसात दाखवले होते. कडुनिंबावर चढलेली गुळवेल श्रेष्ठ, असे जुने वैद्य मानीत आले. शास्त्रीबुवाही तसेच मानीत. ज्याच्या आश्रयाने राहावे त्याचा गुण अंगी येतो, असा त्यांचा समज होता, आणि तो त्यांनी वनस्पतींपुरता मर्यादित ठेवला नव्हता.

हेच शास्त्रीबुवा वृद्धपणी घाटाच्या पायरीवर घसरले. खुब्याचे हाड मोडले, शस्त्रक्रिया झाली, हाड सांधले. जखम मात्र भरेना. तिच्यात जे जंतू शिरले होते त्यांच्यावर एकही औषध चालत नव्हते. प्रयोगशाळेच्या अहवालात प्रत्येक औषधाच्या नावापुढे एकच शेरा होता. ज्या जंतूंविषयी पद्माबाई वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत आल्या, तेच आता वडिलांच्या अंगात वस्तीला आले होते, आणि मुलीच्या हाती बापाच्या कपाळावरचा घाम टिपण्यावाचून काही उरले नव्हते.

“नाव काय म्हणालीस या जंतूंचं?” शास्त्रीबुवांनी विचारले.

पद्माबाईंनी सांगितले.

“अर्थ काय त्याचा?”

“सोनेरी, बाबा. त्यांची वसाहत सोनेरी दिसते.”

“म्हणजे सोन्यानं मढवून पाठवणार आहेस मला,” शास्त्रीबुवा म्हणाले. हसण्याइतके बळ त्यांच्यात नव्हते, पण डोळ्यांत ते उमटले. त्याच आठवड्यात ते गेले.

घाटावरचे दिवस संपवून पद्माबाई सांगलीला परतल्या त्या एक निश्चय घेऊन. वनस्पतीच्या अंतरंगात, पानाच्या आणि खोडाच्या पेशींच्या मधल्या फटींत, काही बुरश्या निमूटपणे वास करतात. त्या झाडाला रोगी करीत नाहीत. बाहेरून पाहणाऱ्याला त्यांचा मागमूसही लागत नाही. झाड त्यांना आसरा देते, आणि त्यांपैकी काही, आपल्या घरात दुसरे कुणी घुसू नये म्हणून, जंतूंना मारक अशी द्रव्ये स्रवतात. औषधी म्हणून नावाजलेल्या वनस्पतींत अशा अंतर्वासी बुरश्या शोधाव्यात, त्यांतली एखादी तरी त्या सोनेरी जंतूला आवरते का ते पाहावे, हा तो निश्चय. त्यातून हाताशी येणारे औषध निघायला कैक वर्षे लागतात आणि बहुधा ते निघतच नाही, हे त्यांना पुरते ठाऊक होते. आपल्या हयातीत आरंभ तरी व्हावा, एवढीच त्यांची अपेक्षा होती.

सह्याद्रीच्या घाटातली अडुळशाची पाने, वाईच्या परसातली तुळस, मिरजेच्या रस्त्याकडेचा करंज, सारे त्यांनी पाहिले. रीत नेहमी तीच. पान किंवा खोडाचा तुकडा वाहत्या पाण्याखाली धुवायचा, स्पिरिटात बुडवायचा, मग विरंजक द्रावणात, मग निर्जंतुक पाण्यात, म्हणजे बाहेरच्या अंगावरचे सारे मरते आणि आतले तेवढे राहते. मग त्याच्या चकत्या करून बटाट्याच्या अर्कात थिजवलेल्या आगारावर, म्हणजे समुद्रशेवाळाच्या खळीवर, ठेवायच्या. काही दिवसांनी चकतीच्या कापलेल्या कडेतून एखादा पांढरा तंतू बाहेर डोकावतो. पुष्कळ तंतू असे डोकावले. जंतूंच्या थरावर ठेवून पाहिले तर सारे निरुपद्रवी निघाले.

तेव्हा एक विद्यार्थिनी म्हणाली की कुंडलला तिच्या चुलत्यांच्या बांधावर जुना कडुनिंब आहे आणि त्याला मनगटाएवढ्या जाडीची गुळवेल वेढून आहे. पद्माबाईंना वडिलांचे बोल आठवले, आणि त्या कुंडलला गेल्या.

चुलते म्हणजे आकाराम पवार. पलटणीतून निवृत्त होऊन आले त्यालाही आता पुष्कळ काळ लोटला होता, तरी मिशीचा पीळ आणि पायांतली शिस्त कायम होती. बांधाच्या एका अंगाला ऊस, दुसऱ्या अंगाला द्राक्षबाग, आणि मधोमध तो कडुनिंब. वेल त्यांच्या आजीने लावलेली. घरातला पोर पलटणीत निघाला की त्याच्या पिशवीत या वेलीची एक कांडी घालायची, अशी त्या घरची चाल होती.

“बर्फात होतो तवा बी कांडी पिशवीत हुती,” आकाराम म्हणाले. “ताप आला की दातानं चावायची. कडू जहर. पन घरची याद यायची.”

“तापाला नव्हं, यादंपायीच लय चावायचे,” त्यांच्या पत्नी बनुबाई चहाचा कप पुढे करीत म्हणाल्या. “कांड्या सपल्या म्हून पत्रं यायची.”

पद्माबाईंनी हसून कप घेतला आणि वेलीचे दोन तुकडे मागितले. आकारामांनी आधी वेलीला हात जोडले, मग विळा लावला.

त्या तुकड्यांतून जी बुरशी बाहेर आली ती दिसायला अगदी सामान्य होती. कापसासारखी पांढरी, मध्याशी किंचित राखी. सोनेरी जंतूंच्या थरावर तिचा ठिपका ठेवून पद्माबाई घरी गेल्या. सकाळी पाहतात तो ठिपक्याभोवती एक स्वच्छ, पारदर्शक वलय. त्या वलयात एकही जंतू नव्हता. ज्या जातीच्या जंतूंनी शास्त्रीबुवांना नेले, ते वलयाच्या कडेशी येऊन थांबले होते. पद्माबाई खुर्चीवर बसल्या आणि बराच वेळ ती काचेची थाळी उजेडात धरून राहिल्या. मग त्यांनी कुंडलला फोन लावला. आनंद झाला की तो आधी ज्याला सांगावा असे माणूस त्यांना आता दुसरे उरले नव्हते.

“काका, तुमच्या वेलीच्या आत एक बुरशी सापडली.”

“बुरशी? आमच्या येलात?”

“हो, खोडाच्या आत राहते. फार मोलाची आहे. जखमेतल्या जंतूंना हटवते ती. वेलीला जपा.”

“जपतो की. तुमी घोर करू नका, ताई.”

येथे त्या भूभागाविषयी थोडे सांगितले पाहिजे. पलूस आणि तासगावच्या द्राक्षपट्ट्यात माणसाची झोप ज्या गोष्टीने उडते ती म्हणजे बुरशी. छाटणीनंतर आभाळ भरून आले की घरोघरी एकच धास्ती असते: पानावर तेलकट डाग पडला तर डाऊनी आली, पांढरी भुकटी दिसली तर भुरी. तिथे पोराला दुचाकी चालवता येण्याआधी फवारणीचा पंप पाठीवर घेता येतो. चांगली बुरशी, मोलाची बुरशी, असा शब्दप्रयोग त्या मातीत कुणी कधी केला नव्हता. आकारामांनी ऐकले सारे नीट. परंतु जे ऐकले ते त्यांच्या आयुष्यभराच्या अनुभवातून गाळून आत गेले. वेल मोलाची आहे, ताईंना तिचे औषध करायचे आहे, आणि तिला आतून बुरशी लागली आहे. मग जपायचे म्हणजे काय करायचे, हे त्यांना कुणी शिकवण्याची आवश्यकता नव्हती.

इकडे सांगलीत पद्माबाई त्या बुरशीला एका परीक्षानळीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत वाढवीत होत्या. जिवंत ठेवायची तर असे करावेच लागते. काही महिन्यांनी त्यांच्या ध्यानात आले की वलय आकसत चालले आहे. प्रत्येक स्थलांतराबरोबर ते थोडे लहान होई. प्रयोगशाळेतल्या आयत्या अन्नावर बुरशी माजत होती, परंतु जिच्या सहवासात तिने ते द्रव्य निर्मिले ती वेल तिच्यापाशी नव्हती. आता घर कुणापासून राखायचे आणि कुणासाठी, हे जणू ती विसरत होती. हे असे घडते हे पद्माबाईंनी वाचलेले होते. गुळवेलीची पूड आगारात मिसळून पाहिली. वलय आठवडाभर सावरले आणि पुन्हा ओसरले. शेवटी ते मुळीच दिसेना. बुरशी तीच, रूप तेच, गुण नाहीसा. उपाय एकच होता. मूळ वेलीकडे जाऊन तिच्यातून तिला पुन्हा नव्याने बाहेर बोलवायचे.

म्हणून त्या कुंडलला गेल्या. बांधावर येताच त्यांचे पाऊल थबकले. कडुनिंबाच्या बुंध्यावर आणि वेलीच्या खोडावर निळसर पांढरा थर चढला होता. पाने ठिपकेदार आणि टवटवीत, जणू नुकतीच न्हाऊमाखू घातलेली.

“आवं ताई, बघा तरी,” आकाराम पुढे होत म्हणाले. त्यांचा चेहरा उजळला होता. “आधी बोर्डो मारला, मोरचूद-चुन्याचा. मंग म्हनलं, बुरशी आत हाय तर वरनं मारून काय उपेग? म्हून आंतरप्रवाही आणलं, मुळाशी बी घातलं. तीनदा घातलं. आता आत नावाला ऱ्हायली नसंल.”

“द्राक्षाला बी एवढं म्हागाचं आणत न्हाईत,” बनुबाई म्हणाल्या. “बाळंतिणीवानी जपलंय येलाला.”

आंतरप्रवाही, म्हणजे मुळातून आणि पानांतून शिरून झाडाच्या रसाबरोबर अणुरेणूत पोचणारे. पद्माबाईंनी वेलीला हात लावला. बनुबाईंनी आणलेला चहा घेतला. त्या सत्पुरुषाच्या डोळ्यांत जी धन्यता होती तिच्याकडे पाहून त्यांना जे सांगायचे ते सांगवेना.

“बरं केलंत, काका,” त्या म्हणाल्या, आणि कप बशीवर ठेवला.

त्या दिवशी नेलेल्या तुकड्यांतून काहीही उगवले नाही. पुढच्या ऋतूत नेलेल्यांतूनही नाही. मग एकदा बोलता बोलता बनुबाईंकडून कळले की फवारणीच्या कितीतरी आधी त्यांच्या भावाने या वेलीची कांडी म्हसवडला माहेरी नेली होती. पद्माबाई तशाच निघाल्या. माण तालुक्याच्या त्या उजाड माळावर, सिद्धनाथाच्या शिखरापासून थोड्या अंतरावर, बाभळीच्या कुंपणाला धरून ती छिन्नरुहा खरोखर जगली होती. बारीक, वाळकट, पण जिवंत. तिच्यातून पांढरी बुरशी निघाली, मध्याशी राखी, हुबेहूब तीच. पद्माबाईंनी थाळी उघडली तेव्हा ठिपक्याच्या अगदी कडेपर्यंत जंतू सोन्यासारखे पसरलेले होते. निंबाची संगत नव्हती म्हणून, माती वेगळी म्हणून, की ही मुळातच निराळ्या वंशाची म्हणून, याचे उत्तर त्यांना कधी मिळाले नाही.

त्यानंतर त्या कुंडलला गेल्या तो काळ छाटणीनंतरचा, ओलसर आभाळाचा. त्या आकारामांच्या बांधावर पोचल्या आणि चकित झाल्या. सारी बाग हिरवी होती, पण बांधालगतच्या दोन ओळी रोगाने जळाल्या होत्या. पानांवर पिवळे तेलकट डाग, पान उलटले की खाली पांढरी बुरशी, घड कोवळेपणीच तपकिरी पडून वाळलेले.

आकारामांचा मुलगा धैर्यशील तिथे ट्रॅक्टरपाशी उभा होता. त्याने त्यांना पाहून मान हलवली.

“या ताई, बघा आमच्या आबांची शेती. बाकीची गडी द्राक्षं पिकवत्यात. आमी बुरशी पिकवतोय.”

“गप रं,” बनुबाई बांधावरून म्हणाल्या.

“का गप? गेल्या साली बी ह्या दोन वळी गेल्या. आता तिसरीत शिरलीया. फवारणीचा ब्लोअर न्यायला लागलो की आबा म्होरं येऊन हुभं ऱ्हात्यात. म्हनत्यात, अंगावरनं घाल. आता बापाच्या अंगावरनं ट्रॅक्टर घालू का?”

धैर्यशील पुटपुटत विहिरीकडे गेला. कडुनिंबाखाली आकाराम बसले होते. या काळात ते फार थकले होते. धाप लागे, मिशीचा पीळ सुटला होता. पद्माबाई त्यांच्याशेजारी दगडावर बसल्या.

“काका, या ओळी का नाही फवारल्या?”

आकारामांनी वेलीकडे बोट केले. “वाऱ्यानं औषिद इकडं येतंय, ताई. थोडं थोडं येतंयच. म्हनलं, हिकडनं औषिद बंद ठिवलं तर माघारी यील ती.”

“कोण?”

“तुमची बुरशी.” मग त्यांनी मान वळवली. “येवढं सांगा. म्याच मारली न्हवं ती?”

पद्माबाईंनी नजर वेलीकडे वळवली, आणि तेच उत्तर झाले.

“त्याच दिशी कळलं मला,” आकाराम म्हणाले. “बरं केलंत म्हनलात, पन कप बशीवर ठिवताना हात हालला तुमचा. पलटणीत लय हात बघितलेत म्या. वाईट खबर लपवणाऱ्याचा हात तसा हालतो.”

“मग विचारलं का नाहीत?”

“तुमी झाकलंत. आमी कसं उघडायचं?”

बांधापलीकडे उसातून वारा वाहत होता. दोन ऋतू या दोन माणसांनी एकच शोक वेगवेगळा वाहिला होता. एकाने तो काचेच्या थाळ्यांत मांडला, दुसऱ्याने पिकत्या बागेची ओळ त्याच्यापुढे ठेवली, जसा कुणी नैवेद्य ठेवतो. आणि ज्या रोगाशी हा मनुष्य जन्मभर झुंजला, त्याला त्याने स्वतःच्या मळ्यात अभय दिले होते, कारण त्या रोगाच्या जातकुळीतले एक कुणीतरी त्याच्या हातून निरपराध मेले होते.

“यील का माघारी?” आकारामांनी विचारले.

हो म्हणावे, तर पुढच्या छाटणीला तिसरी ओळ जाणार, त्याच्या पुढच्या वर्षी चौथी, आणि हा वृद्ध धाप लागल्या अंगाने ट्रॅक्टरपुढे उभा राहणार. नाही म्हणावे, तर वडिलांच्या मागे जो निश्चय केला त्याचा शेवटचा आधार आपल्याच मुखाने तोडायचा.

“नाही, काका. ती गेली. पानावरची ही बुरशी निराळी, ती निराळी. या ओळी ठेवून ती यायची नाही. धैर्यशीलला सांगा, फवारू दे.”

“म्हंजी तुमी बी आशा सोडली.”

“हो,” पद्माबाई म्हणाल्या. “सोडली.”

आकारामांनी मान खाली घातली. मग धोतराचा सोगा तोंडाला लावून ते उठले आणि काठी टेकीत विहिरीकडे चालू लागले. थोड्या वेळाने त्यांचा आवाज आला. मुलाला हाक मारतानाही त्यात पूर्वीची पलटण नव्हती.

ट्रॅक्टर सुरू झाला. पंख्याचा घोंघाट दुसऱ्या टोकापासून बांधाकडे येऊ लागला, आणि बनुबाई लगबगीने घरात गेल्या. बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात दोन जुनी लुगडी होती. एक त्यांनी निंबाच्या खालच्या फांदीवर टाकले, दुसरे पद्माबाईंच्या हाती दिले.

“धरा त्या अंगानं,” त्या म्हणाल्या.

“आता कशाला, काकू? आत काही नाही उरलेलं.”

“नसू द्या,” बनुबाई म्हणाल्या.

दोघींनी मिळून वेल झाकली. धैर्यशील त्या दोन ओळींतून सावकाश गेला. औषधाचे धुके उठले, निंबापर्यंत आले आणि लुगड्यावर बारीक थेंबांनी बसले. आकाराम विहिरीच्या काठावरून पाहत होते.

पुढच्या पौषात आकाराम वारले. पद्माबाई आता निवृत्त होऊन वाईला राहतात. महाविद्यालयाच्या शीतपेटीत ती परीक्षानळी अजून आहे. तिच्यातली बुरशी जिवंत आहे आणि कुणाच्याही काही उपयोगाची नाही. वर्षातून एकदा त्या कुंडलला जातात, वेलीची एक कांडी मागून घेतात, आणि ओळखीच्या प्रयोगशाळेत तिच्या चकत्या ठेवून पाहतात. वलय पुन्हा उमटलेले नाही. वेल मात्र पूर्वीपेक्षा दाट झाली आहे, कडुनिंब तिच्यात जवळजवळ बुडाला आहे. आणि द्राक्षाला फवारणी असली की बनुबाई, कुणी सांगितल्यावाचून, घरातून लुगडी घेऊन बांधावर येतात. वेल एवढी पसरली आहे की आता दोन पुरत नाहीत.